रोज वाजणारा रिसीव्हर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

होम थिएटर रिसीव्हर म्हणजे टीव्हीखालच्या कपाटात बसलेले ते जड, काळे खोके, ज्याच्या पाठीमागे घरातल्या सगळ्या वायरी येऊन मिळतात, जे चित्रपटाचा ध्वनी उलगडून पाच-सात स्पीकरांत वाटते आणि त्या स्पीकरांना शक्तीही पुरवते. गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांतून एकच शंका निरनिराळ्या रूपांत विचारली गेली आहे : चित्रपटासाठी घेतलेले हे यंत्र रोजच्या गाण्यांना, बातम्यांना आणि रेडिओला उपयोगी पडते का? त्यांतील सहा पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. सहा वर्षांपूर्वी मुलाने घरी ५.१ चा, म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर असलेला, संच बसवून दिला. आता तो बंगळुरूला असतो आणि दिवाळीत आला की चित्रपट लावतो. एरवी रिसीव्हर बंदच असतो. मी सकाळी अभंग आणि रात्री शास्त्रीय गायन मोबाइलच्याच स्पीकरवर ऐकतो, कारण एवढे मोठे यंत्र तासभर गाण्यासाठी लावले तर वीज फार जाईल आणि ते लवकर झिजेल, असे वाटते. माझे चुकते आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आधी विजेचा हिशोब करून टाकू, म्हणजे मनातली खुटखुट जाईल. असा रिसीव्हर चालू असताना, आवाज अगदी हळू ठेवला तरी, साधारण ४० ते ६० वॅट वीज घेतो. ५० वॅट धरले आणि आपण तो रोज चार तास लावला, तर दिवसाला ०.२ युनिट आणि महिन्याला ६ युनिट होतात. आपल्या बिलावर छापलेल्या दराने त्याला गुणून पाहावे. जुन्या पद्धतीचा छताचा पंखा ७० ते ७५ वॅट घेतो, म्हणजे तेवढ्याच वेळात तो याहून अधिक वीज खातो, आणि पंखा लावताना आपण एवढा विचार करीत नाही. झिजण्याचे म्हणाल, तर या यंत्राला खरा त्रास उष्णतेचा होतो; वर आणि बाजूंना मोकळी हवा असेल, तर हळू आवाजातले चार तास त्याला जड जात नाहीत.

जड का जात नाहीत, तेही पाहू. घरगुती स्पीकरांची संवेदनशीलता बहुधा ८७ डेसिबलच्या आसपास असते, म्हणजे एक वॅट दिला असता एक मीटर अंतरावर तेवढा आवाज मिळतो. आपण तीन मीटरवर बसलात तर अंतरामुळे साडेनऊ डेसिबल कमी होतात. मात्र दोन स्पीकर मिळून तीन डेसिबलची भर घालतात आणि भिंतींवरून परतणारा आवाज आणखी थोडी. एकूण ८३ डेसिबलच्या जवळपास पोचतो. घरात बोलणे चालू असताना सुखाने ऐकावे असा आवाज ७० ते ७५ डेसिबलचा असतो, आणि दहा डेसिबल खाली यायचे तर शक्तीचा दहावा भाग पुरतो. म्हणजे आपला सकाळचा अभंग प्रत्येक स्पीकरमागे सुमारे एक दशांश वॅटवर चालतो. पखवाजाची एखादी जोरकस थाप वीस डेसिबलने उसळली, तरी त्या क्षणापुरते दहा वॅट लागतील. बाकीची शक्ती नुसती हाताशी उभी असते.

मग मोबाइलवर ऐकण्यात बिघडते काय? बिघडते ते खालच्या सप्तकात. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा आणि तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचा स्वर त्याच्या निम्मा, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास असतो. डग्ग्याचा घुमारा याच परिसरात राहतो. मोबाइलचा एवढासा स्पीकर तिथवर पोचतच नाही. वरची स्वरवलये (मूळ स्वराबरोबर उमटणारे उंच स्वर) ऐकून आपला कान मूळ स्वराची कल्पना करून घेतो, आणि म्हणून गाणे ओळखू येते पण बैठकीत बसल्यासारखे वाटत नाही. आपल्या संचात ८० हर्ट्झच्या खालचा भाग सबवूफरकडे आणि वरचा समोरच्या दोन स्पीकरांकडे पाठवण्याची सोय आहे. साध्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरमध्ये ती सहसा नसते, आणि रोजच्या ऐकण्यात रिसीव्हरचा सर्वांत मोठा उपयोग मला विचाराल तर हाच आहे. पाच स्पीकरांना मी दुसरा क्रमांक देईन.

दुसरी गोष्ट हळू आवाजाची. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की आवाज कमी केला की आपल्या कानाला खर्जाचे स्वर इतर स्वरांपेक्षा फार लवकर ऐकू येईनासे होतात. घरातली माणसे झोपली आहेत म्हणून आपण रात्री आवाज खाली आणता, तेव्हा तबल्यातला डग्गा आधी नाहीसा होतो, तो यामुळे. बऱ्याच रिसीव्हरांत याची भरपाई करणारी सोय असते. डेनॉन आणि मॅरँट्झ यांच्या अनेक यंत्रांत ती ‘डायनॅमिक ईक्यू’ या नावाने, तर यामाहाच्या काही यंत्रांत ‘वायपीएओ व्हॉल्यूम’ या नावाने सापडेल. डायनॅमिक ईक्यूचा हिशोब चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणाला धरून केलेला असल्याने गाण्यात खर्ज फुगतो. रिसीव्हरच्या सेटिंगच्या यादीत (मेनूत) त्याच्याजवळच ‘रेफरन्स लेव्हल ऑफसेट’ असा पर्याय दिसेल. संगीतासाठी तो १० किंवा १५ वर ठेवावा.

मुलाने संच बसवताना खोलीचे मोजमाप (यंत्र माइकने स्पीकरांचा आवाज ऐकून स्वतःला खोलीशी जुळवून घेते ते) केले होते का, हे त्याला फोनवर विचारावे. केले नसेल किंवा त्यानंतर सोफा हलला असेल, तर रिसीव्हरबरोबर आलेला छोटा माइक शोधून ते पुन्हा करावे. मोजमाप करताना पंखा बंद, खिडक्या बंद, आणि कुकर चढवलेला नसावा. माइक हातात धरू नये आणि सोफ्याच्या पाठीला टेकवूही नये; स्टुलावर पुस्तके रचून आपल्या कानाच्या उंचीवर ठेवला तर पुरे. मोजमापानंतर यादीत एकदा नजर टाकावी, कारण पुष्कळदा यंत्र समोरच्या लहान स्पीकरांनाही ‘लार्ज’ ठरवते आणि मग सबवूफर गाण्यात गप्प बसतो. ते ‘स्मॉल’ करून मर्यादा ८० हर्ट्झवर आणावी.

राहिली ती बटणांची कटकट, आणि मला वाटते आपण रिसीव्हर लावत नाही याचे खरे कारण वीज नसून ती आहे. यामाहाच्या रिमोटवर ‘सीन’ आणि डेनॉनच्या रिमोटवर ‘क्विक सिलेक्ट’ अशी चार बटणे असतात. त्यांतल्या एकावर ब्लूटूथ किंवा रेडिओ आणि ‘स्टिरिओ’ ही जोडी साठवून ठेवावी, आणि बटणावर रंगीत टिकली चिकटवावी. डेनॉनवर आवाजाची पातळीही त्याच बटणात साठते. त्यानंतर अभंग एका बटणावर लागेल आणि मुलाची दिवाळीची मांडणी दुसऱ्या बटणावर जशीच्या तशी राहील.

प्रश्न : वडिलांना जुनी नाट्यपदे फार आवडतात. ती मोबाइलवरून रिसीव्हरला जोडून लावली तर आवाज फक्त टीव्हीखालच्या मधल्या स्पीकरमधून येतो. डावा-उजवा स्पीकर मुके राहतात. नवी गाणी मात्र सगळीकडून येतात. स्पीकर बिघडले आहेत का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : स्पीकर ठणठणीत आहेत, यंत्र जरा जास्तच हुशारी करीत आहे. आपल्या रिसीव्हरवर ‘डॉल्बी सराउंड’ किंवा ‘प्रो लॉजिक’ यांपैकी एखादी पद्धत चालू राहिली असणार. ही पद्धत डावी आणि उजवी बाजू ताडून पाहते आणि दोन्हींत जे तंतोतंत सारखे असेल ते मधल्या स्पीकरकडे पाठवते, कारण चित्रपटात पडद्याच्या मध्यावरचे संवाद तिथून यावेत अशी अपेक्षा असते. स्टिरिओ तबकड्या जगाच्या बाजारात आल्या त्याच १९५८ च्या सुमारास. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरून उतरवलेल्या नाट्यपदात दोन्ही बाजू मुळातच एक असतात, त्यामुळे गायक, ऑर्गन, तबला असा सगळा संच त्या आडव्या, लहान स्पीकरमध्ये जाऊन बसतो, आणि तो स्पीकर बहुधा घरातला सर्वांत किरकोळ असतो.

रिमोटवरून ‘स्टिरिओ’ निवडावे. मग दोन्ही स्पीकरांतून सारखाच आवाज येईल आणि वडील मध्यावर बसले तर गायक बरोबर त्यांच्या समोर उभा आहे असे भासेल. ‘ऑल चॅनल स्टिरिओ’ नावाची पद्धत मोहात पाडते, पण एकच आवाज पाच ठिकाणांहून थोड्याथोड्या वेळाच्या फरकाने आला की शब्द गढूळ होतात. ती घरी पाहुणे जमले असतील तेव्हा पार्श्वसंगीतापुरती राखावी. तबकडीची खरखर बोचत असेल तर ‘ट्रेबल’ दोन-तीन अंशांनी उतरवावा. त्यासाठी ‘डायरेक्ट’ पद्धत चालू नसावी, कारण तीत ही नियंत्रणे बाजूला पडतात. याहून अधिक मात्र मागू नये. विद्युत ध्वनिमुद्रण १९२५ च्या सुमारास सुरू झाले आणि त्याआधीची पदे कर्ण्यासमोर गाऊन मुद्रित केलेली आहेत. आडात नाही ते पोहऱ्यात कोणताही रिसीव्हर आणू शकत नाही.

प्रश्न : आमचा दिवाणखाना ११ फूट बाय १५ फूट आहे आणि आमच्याजवळ ७०,००० रुपये आहेत. रोज दोन-तीन तास गाणी, संध्याकाळी टीव्ही, आठवड्यातून एखादा चित्रपट असा वापर होईल. एका दुकानदाराने १३५ वॅटचा होम थिएटर रिसीव्हर सुचवला; मित्र म्हणतो की गाण्यांसाठी दोन चॅनलचा (दोनच स्पीकर चालवणारा) स्टिरिओ ॲम्प्लिफायरच हवा. कोणाचे ऐकावे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : दोघांचेही थोडे थोडे ऐकावे, पण आधी तो १३५ चा आकडा बाजूला ठेवावा. यामाहाच्या आरएक्स-व्ही३८५ या ५.१ च्या रिसीव्हरचे माहितीपत्रक उघडले तर एकाच यंत्रासाठी तीन आकडे दिसतात. ६ ओहमच्या स्पीकरवर, एकच चॅनल चालवून, एकाच स्वरावर, १० टक्के विकृती (मूळ ध्वनीत होणारा बिघाड) चालवून घेतली तर १३५ वॅट. विकृती ०.९ टक्क्यावर आणली की तेच यंत्र १०० वॅट देते. आणि दोन चॅनल चालवून, २० ते २०,००० हर्ट्झ या सगळ्या पट्ट्यात, ०.०९ टक्के विकृतीत ७० वॅट. कंपनीने यात काही लपवलेले नाही. तिन्ही आकडे छापलेले आहेत, पण दुकानात मोठ्याने सांगितला जातो तो पहिला. अमेरिकेत अशा आकड्यांच्या जाहिरातीवर १९७४ पासून नियम आहे. आपण येथे ‘दोन चॅनल, २० ते २०,००० हर्ट्झ, ८ ओहम’ या ओळीपुढे काय लिहिले आहे तेवढेच पाहावे. आपल्या खोलीला त्या ओळीतले ५० वॅटही भरपूर झाले. का, ते नाशिकच्या वाचकांना दिलेल्या उत्तरात आले आहे.

आता मित्राचे म्हणणे. सारख्याच किमतीत स्टिरिओ ॲम्प्लिफायरचे पैसे दोन चॅनलांवर खर्च होतात, तर रिसीव्हरचे पैसे पाच-सात चॅनल, चित्राची विद्युतफळी (सर्किट बोर्ड), डॉल्बी आणि डीटीएस या ध्वनिपद्धतींचे परवाने यांत विभागले जातात. तेव्हा मित्राचे गणित चुकीचे नाही. परंतु दोन्ही यंत्रे त्यांच्या क्षमतेच्या आत चालत असताना त्यांच्या आवाजात जो फरक पडतो, तो दोन वेगवेगळ्या स्पीकरांत किंवा स्पीकर कोपऱ्यातून दोन फूट पुढे ओढल्याने पडणाऱ्या फरकापुढे फार लहान असतो. म्हणून मी निर्णय वेगळ्या प्रश्नावर करतो : टीव्हीचा आवाज याच स्पीकरांतून यायचा आहे का? येणार नसेल, तर मित्राचे ऐकून विषय संपवावा. आपल्याकडे तो यायचा आहे, त्यामुळे रिसीव्हर घ्यावा, पण पाच स्पीकरांचा डबाबंद संच घेऊ नये. निम्म्याहून अधिक पैसे दोन चांगल्या बुकशेल्फ स्पीकरांवर घालावेत आणि रिसीव्हर साधा घ्यावा, मात्र मोजमापाचा माइक आणि एचडीएमआय (चित्र व ध्वनी एकाच वायरीतून नेणारी जोडणी) एआरसी असलेला. एआरसी २००९ पासून आहे. तिच्यामुळे टीव्हीचा आवाज त्याच एका वायरीतून परत येतो आणि तिच्या जोडीच्या ‘सीईसी’ या सोयीमुळे टीव्हीच्या रिमोटने रिसीव्हर चालू-बंद होतो. घरातल्या सर्वांनी यंत्र वापरावे असे वाटत असेल तर ही सोय दहा वॅट अधिक असण्यापेक्षा मोलाची आहे. यादीत मधला स्पीकर ‘नन’ ठेवला की मालिकांचे संवाद डाव्या-उजव्या स्पीकरांत वाटले जातात आणि मध्यावरून आल्यासारखे ऐकू येतात. सबवूफर पुढच्या वर्षी घ्यावा, मागचे स्पीकर त्यानंतर हौस उरली तर.

मधला मार्गही आहे. मॅरँट्झचा एनआर१२०० आणि डेनॉनचा डीआरए-८००एच हे २०१९ साली आलेले रिसीव्हर दोनच चॅनलचे असून त्यांना पाच एचडीएमआय जोडण्या आहेत. त्यांत माइकने खोली मोजण्याची सोय नाही, आणि आपल्यासारख्या चौकोनी, फरशी-भिंतींच्या खोलीत मला ती उणीव खटकते.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीहून पुण्याला कायमचे परत येत आहोत. येथला सात चॅनलचा रिसीव्हर बरोबर आणावा की विकून टाकावा? रोज सकाळी आकाशवाणी लावायची आमची फार इच्छा आहे. (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : यंत्राच्या पाठीवर ‘१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ’ एवढेच छापलेले असेल, तर भारतातल्या २३० व्होल्टच्या सॉकेटात ते थेट लावणे म्हणजे त्याची अखेर होय. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागेल. पाठीवर वीजवापराचा जो आकडा असेल, समजा ५०० वॅट, त्याच्या दुप्पट क्षमतेचा, म्हणजे १००० व्हीएचा घ्यावा, आणि तो ११० व्होल्ट देणारा निवडावा, कारण ६० हर्ट्झसाठी बांधलेला आतला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर थोडा अधिक तापतो. ट्रान्सफॉर्मर स्पीकरांपासून लांब ठेवावा. त्याची बारीक घरघर रात्रीच्या शांततेत ऐकू येते. सबवूफरलाही स्वतःची वीज लागते, तेव्हा त्याचीही पाठ वाचावी.

रेडिओची गंमत अशी की अमेरिकेत मध्यम लहरींची केंद्रे १० किलोहर्ट्झच्या टप्प्यांवर आहेत आणि भारतात ९ च्या. पुणे केंद्राची मध्यम लहर ७९२ किलोहर्ट्झची. अमेरिकी यंत्र ७९० वरून थेट ८०० वर उडी मारते. एफएमवरही तेथला टप्पा ०.२ मेगाहर्ट्झचा, दशांश नेहमी विषम, त्यामुळे आपल्याकडची सम दशांशाची केंद्रे दोन पायऱ्यांच्या मधे राहतात. काही यंत्रांत हा टप्पा बदलण्याची सोय असते. ती माहितीपुस्तिकेत पाहावी. नसेल तर प्रसार भारतीच्या ॲपवरून आकाशवाणी मोबाइलवर लावून ती ब्लूटूथने रिसीव्हरला द्यावी. यंत्र चार-पाच वर्षांच्या आतले आणि चांगल्या प्रतीचे असेल तर आणावे; त्याहून जुने असल्यास ते तेथे विकून सामानात स्पीकर आणावेत. स्पीकरांना व्होल्टेजचे बंधन नाही आणि रेडिओच्या टप्प्यांचेही नाही.

प्रश्न : समुद्र जवळ असल्याने पावसाळ्यात आम्ही रिसीव्हर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवतो. एरवी तो काचेच्या दाराच्या कपाटात असतो. हे ठीक आहे ना? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : प्लास्टिक काढून टाकावे, आतला दमटपणा त्यामुळे आतच कोंडतो. पावसाळ्यात यंत्र रोज तासभर वाजवणे हीच त्याची उत्तम निगा आहे, कारण त्याच्या स्वतःच्या उबेने ते कोरडे राहते. वाजवताना काचेचे दार उघडे असावे, वर किमान १० ते १५ सेंटिमीटर जागा असावी, त्यावर सेट-टॉप बॉक्स ठेवू नये, आणि भरतकामाचा रुमाल कितीही सुंदर असला तरी तो रेडिओवर शोभायचा, येथे तो हवेची वाट अडवतो. खाऱ्या हवेने स्पीकरच्या वायरींची उघडी टोके हिरवी पडतात. वर्षातून एकदा तेवढा तुकडा कापून नवे तांबे सोलावे. विजा कडाडू लागल्या की प्लग तर काढावाच, शिवाय डिशची किंवा केबलची वायरही सेट-टॉप बॉक्समधून उपसावी, कारण झटका त्या वाटेनेही आत शिरतो.

प्रश्न : आमच्या नऊ वर्षांच्या रिसीव्हरची एचडीएमआयची फळी गेली. दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या निम्मा सांगतात. भंगारात द्यावा का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : भंगारवाल्याला बोलावण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. सर्व वायरी काढून यंत्र दहा-पंधरा मिनिटे विजेपासून तोडून ठेवावे, माहितीपुस्तिकेत दिल्याप्रमाणे ते मूळ स्थितीवर आणावे आणि मग एकच एचडीएमआय वायर जोडून पाहावी; रुसलेली फळी कधीकधी एवढ्यानेही बोलू लागते. नाही बोलली, तर टीव्हीला सेट-टॉप बॉक्स आणि प्लेअर थेट जोडावेत आणि टीव्हीच्या ऑप्टिकल जोडणीतून आवाज रिसीव्हरला द्यावा. या वायरीतून दोन चॅनलचा ध्वनी किंवा डॉल्बी डिजिटलचे ५.१ नीट जाते. काहीच ऐकू आले नाही तर टीव्हीच्या ध्वनीच्या यादीत ‘पीसीएम’ निवडावे. टीव्हीच्या पडद्यावर दिसणारी रिसीव्हरची यादी आता दिसणार नाही. समोरच्या लहान पट्टीवर वाचून काम भागवावे लागेल.

एचडीएमआयच्या आवृत्त्या दर काही वर्षांनी बदलत राहतात, पण ॲम्प्लिफायरचा भाग जुना होत नाही. आपल्या यंत्रातला तो भाग, ट्यूनर आणि सबवूफरची जोडणी शाबूत असेल, तर आपल्या हाती एक उत्तम स्टिरिओ रिसीव्हर फुकट आला आहे असे समजावे. तबकड्या ऐकत असाल तर मागे ‘फोनो’ लिहिलेली जोडणी आहे का तेही पाहावे. ती नसेल तर फोनो प्रीॲम्प्लिफायर मधे घालावा लागेल, कारण रेकॉर्ड प्लेअरच्या साध्या पिनमधून ५ मिलिव्होल्टच्या आसपासच विद्युतदाब मिळतो आणि इतर जोडण्यांवर तो कुजबुजीसारखा ऐकू येतो.